लायसनचं रिव्हॉल्व्हर रोज अंगावर, पण कुणाला कळता कामा नये – कसं जमवता?

गुळाची_ढेप
मंडळी नमस्कार. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून 'इतर' मधे टाकतोय, अ‍ॅडमिननी हलवला तरी चालेल.
मार्केट यार्डात आमची अडत आहे, वडिलांच्या वेळेपासून. सीझनला रोख घेऊन ये-जा होते. मागे एकदा पाठलागाचा प्रकार झाला, पोलिसात तक्रार आहे, त्यावर अर्ज टाकला आणि चपला झिजवून झिजवून शेवटी परवाना हातात आला. .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, घरात लॉकर, सगळं चोख. आता प्रश्न असा की परवाना मिळेपर्यंत सल्ले द्यायला ढीगभर माणसं होती, मिळाल्यावर ते रोज वागवायचं कसं हे कुणीच सांगत नाही. मी शर्ट इन करणारा माणूस, फिरतो मोपेडवर. कमरेला लावलं की शर्टातून उठून दिसतंय, एप्रिलमधे जाकीट घालून यार्डात गेलो तर हमालसुद्धा विचारतील शेठ ताप आलाय का. डिकीत टाकावं तर जीव डिकीत अडकतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी रोजचं सांगा. कुठलं घेऊ, केवढ्याला मिळतं हे नको, ते झालंय.

पेठेतला_पैलवान
खटक्यावर बोट जाग्यावर पलटी!! शेठ आता तुमच्याशी भाव करायचा म्हणजे हात वर करूनच यायला लागणार

फौजदार_रिटायर
गुळाची_ढेप, प्रश्न बरोबर विचारलात. नोकरीत बहुतेक लायसनवाले भेटले ते 'दिसेल असं कसं लावू' विचारणारे.
आधी नियम. शस्त्र नियम २०१६ मधला ३२ नंबरचा नियम काढून वाचा. सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर ती होल्स्टरमधे अंगाला लावलेली पाहिजे किंवा पाठीवरच्या सॅकमधे पाहिजे, पूर्ण झाकलेली पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. म्हणजे झाकून नेणं ही तुमची हौस नाही, कायद्याचीच अट आहे. शर्टाच्या वर पट्टा बांधून गावजेवणाला येणारे जे असतात ते नियम मोडत असतात, फक्त त्यांना कुणी बोलत नाही. डिकीचा विषय संपला, डिकी म्हणजे ताबा नव्हे. पोराने गाडी नेली, पंक्चरवाल्याकडे लावली, काय करणार?
आता रोजचं. शर्ट बाहेर काढा, दुसरा इलाज नाही. एक माप मोठा घ्या, चौकड्याचा किंवा गडद, पांढऱ्या टेरिकॉटमधून सगळं दिसतं. खरं काम पट्ट्याचं असतं. आपले नेहमीचे पातळ पट्टे वजनाने खाली लोंबतात आणि मग माणूस दर दोन मिनिटांनी पँट वर ओढतो, ते बघूनच आम्ही ओळखायचो. पट्टा जाड, ताठ घ्या. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं पाहिजे, बोटच काय शर्टाचं टोकसुद्धा चापापर्यंत जाता कामा नये. जागा एकदा ठरवली की बदलायची नाही. आणि हात लावायचा नाही! नवीन लायसनवाल्याचा हात सारखा कमरेवर जातो, आहे का बघायला. आहे हो, पळून जात नाही.

तांबडा_पांढरा
फौजदार साहेबांचा मान ठेवून असहमत. कुणाला कळणारच नाही तर उपयोग काय? चोराला माहीत पाहिजे ना की ह्याच्याकडे आहे, मग तो वाटेला जाणार नाही. आमच्या भागात एक पंपवाले आहेत, त्यांच्याकडे आहे हे अख्ख्या गावाला माहीत, आजवर कुणाची छाती झाली नाही

फौजदार_रिटायर
@तांबडा_पांढरा पंपावर सीसीटीव्ही आहे, दहा पोरं आहेत, हायवे आहे. सगळं श्रेय पिस्तुलाला कशाला देता? आणि चोराला कळलं की तो वाटेला जात नाही हे अर्धं झालं. दुसरा अर्धा भाग असा की तो एकट्याने येत नाही, चौघं येतात आणि पहिला वार तुमच्या कमरेच्या बाजूच्या हातावर करतात. ते रिव्हॉल्व्हर मग बाजारात जातं. गावठी कट्ट्यांच्या बाजारात लायसनच्या वस्तूला काय किंमत येते हे मी इथे लिहीत नाही.

सूनबाई_राजारामपुरी
माझ्या मिस्टरांकडे आहे, दागिन्यांचं काम आहे आमचं. शर्ट बेल्ट सगळं ठीक, पण कुणाला कळू नये हे घरापासून सुरू होतं हे कुणी लिहिलंच नाही. आमचा धाकटा पहिलीत असताना शाळेत बाईंना सांगून आला, पप्पा बंदूक घेऊन दुकानात जातात. झालं, पालकांच्या ग्रुपवर चर्चा. तेव्हापासून नियम केला, घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी आत जाऊन लॉकर, मुलांसमोर काढणं नाही, त्यावर बोलणं नाही. कामवाल्या मावशींना माहीत नाही, माझ्या माहेरीसुद्धा माहीत नाही (आता कुणी ओळखलं तर मेले). लॉकरची किल्ली देव्हाऱ्यात ठेवू नका, चोर पहिलं तिथेच बघतो.
आणि काडतुसं वेगळ्या कप्प्यात. हे मी सांगते म्हणून नाही, मुलं असलेल्या घरात हेच पाहिजे.

पुणेकर_कोथरूड
चपला काढायच्या आधी घरात? कोल्हापुरात चालतं वाटतं हे

सूनबाई_राजारामपुरी
@पुणेकर_कोथरूड तुमच्याकडे आधी बेल वाजवून परवानगी घ्यावी लागते, आमचं तसं नाही

उद्यमनगर_लेथवाला
होल्स्टरबद्दल एक. बाजारातलं नायलॉनचं घेतलं तर ते महिन्याभरात ढिलं होतं. मी आपल्या चप्पल लाईनच्या एका कारागिराकडून चामड्याचं शिवून घेतलं, पँटच्या आत बसणारं. रिव्हॉल्व्हर दुकानात नेलं नाही हं, लाकडाचा साचा करून नेला लेथवर. त्यांनी कोल्हापुरीच्या चामड्याचं असं काही शिवलंय की बास. शिलाई बघत राहावी. विचारलं काय ठेवणार, म्हटलं मशीनचा पार्ट.

नेमबाज_दुधाळी
@उद्यमनगर_लेथवाला शिलाईला सलाम पण एक धोका सांगते. चामडं ओल धरून ठेवतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा बुरशी येते. रात्री त्यात तसंच ठेवलं तर जिथे चामडं टेकतं तिथेच गंजाचे ठिपके येतात. अंगावर चामडं चालेल, लॉकरमधे कायम बाहेर काढून, कोरडं पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवायचं, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. घामाचंही तेच. कातडीला लागून असतं ना, मीठच ते.
आता खरं बोलू? इथे सगळे शर्ट आणि पट्ट्यावर बोलतायत. तुमच्यापैकी किती जण ते चालवायचा सराव करतात? आपल्या कोल्हापूरचं नाव बंदुकीत झालं ते रेंजवर झालं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात गोल्ड, नेमबाजीत एशियाड गोल्ड घेणारी पहिली भारतीय बाई, आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला ब्राँझ. ही माणसं एका गोळीसाठी हजारो गोळ्या झाडतात. आणि आपले लायसनवाले ट्रेनिंगच्या दिवशी चार झाडल्या की डायरेक्ट कमरेला. घाबरलेल्या अवस्थेत, अंधारात, शर्ट वर करून, हात थरथरत असताना काय होणार आहे? आधी दहा मीटरवर कागदाला तरी लागू दे.

पेठेतला_पैलवान
ताई काटा किर्रर्र

गुळाची_ढेप
@नेमबाज_दुधाळी पटलं. पण सराव करायचा कुठे आणि किती, काडतुसांची संख्या परवान्यावर बांधलेली असते, एकावेळी जवळ इतकी आणि वर्षाला इतकी. ती सरावात संपवली तर?

नेमबाज_दुधाळी
दोन गोष्टी. एक म्हणजे कोरडा सराव, रिकामं रिव्हॉल्व्हर, काडतुसं दुसऱ्या खोलीत, तीन वेळा तपासून, भक्कम भिंतीकडे तोंड करून चाप ओढायचा. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, ओढताना नळी हलते, तीच हालचाल घालवायची. डमी काडतूस घालून केलं की पिनला त्रास नाही. दुसरं, एअर पिस्तूल. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. हाताला सवय तीच लागते.

वकील_कसबा_बावडा
उशिरा आलो. कायद्याचं दोन शब्दात सांगतो म्हणालो असतो पण आमच्यात दोन शब्द नसतात.
तुमचं शस्त्र झाकलेलं असणं एक आणि ते बाहेर कधी काढायचं हे दुसरं. बरेच जण म्हणतात, नुसतं दाखवलं तर काय होतंय, झाडलं थोडंच. त्याच ३२ नंबरच्या नियमात सार्वजनिक जागी शस्त्र उगारायला बंदी आहे. पार्किंगवरून वाद झाला आणि शर्ट वर करून दाखवलं, की धमकीचा गुन्हा, परवाना निलंबन, मग रद्द करायची नोटीस. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली तो अधिकार परवाना देणाऱ्याकडेच आहे, आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही म्हणजे जिल्हाधिकारी. एकदा रद्द झालेला परत मिळवायला किती वर्षं जातात ते माझ्या अशिलांना विचारा.
स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मधे आहे, जुन्या आयपीसीत ९६ ते १०६. जबरी चोरीत हा हक्क पार जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो हे खरं. पण कुठवर? जिवाची, दुखापतीची तत्काळ भीती चालू आहे तोवर. गुळाची_ढेप, तुमची पिशवी हिसकावून गाडीवरून पळून चाललेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातलीत तर ती भीती संपलेली आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तो नाही, तुम्ही आहात. पिशवी जाऊ द्या. नंबर लक्षात ठेवा, ११२ लावा.

तांबडा_पांढरा
म्हणजे दाखवायचं नाही, सांगायचं नाही, पळणाऱ्यावर झाडायचं नाही. मग लोखंडाचा तुकडा कशाला वागवायचा, त्यापेक्षा काठी बरी

वकील_कसबा_बावडा
@तांबडा_पांढरा खरंय, बऱ्याच जणांसाठी काठीच बरी. हे उपरोधाने नाही म्हणत.

आजरेकर_घनसाळ
आमच्याकडं बगा उलटं हाय. पीक संरक्षणाची बारा बोअर, आज्याची, आता माझ्या नावावर झाली. ती लपवायची कशी, माणसाएवढी लांब. गावात समद्यांना म्हाईत. आन गव्याला काय म्हाईत नाय. रात्री कळपानं येत्यात, ऊस लोळवत्यात, भात तुडवत्यात. बंदूक हाय पण गव्याला मारायचा कायदा नाय, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या यादीत. मग हवेत बार. त्यालाबी आता सवय झाली, बार काढला की मान वर करून बगतो, परत खातो

रंकाळाकाठ
@आजरेकर_घनसाळ गव्याला लायसन नको, दाखवायची भीती नको, भाग्यवान प्राणी
बाकी एक इतिहासातलं. १८७८ चा आर्म्स अ‍ॅक्ट इंग्रजांनी आणला तेव्हा हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट होती. आजचा १९५९ चा आहे पण परवान्याची चौकट तिथूनच आली. आणि कोडगूच्या, म्हणजे कूर्ग-मडिकेरीकडच्या, कोडवा लोकांना अजून परवान्यातून सूट आहे हे वाचून मला धक्का बसला होता. आपल्या शेजारच्या राज्यात बरं का.

पेठेतला_पैलवान
चला सगळे मडिकेरीला

फौजदार_रिटायर
शेजारच्या राज्यावरून आठवलं, हे महत्त्वाचं. गुळाची_ढेप, तुमच्या परवान्यावर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असेल, जिल्हा, राज्य का भारत, आत्ताच्या आत्ता बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर निपाणीला पाहुण्याकडे जाताना कागल सोडलं की तुमचा परवाना संपला, पुढे कोगनोळीच्या टोलला कर्नाटक सुरू. आपल्याकडे ही चूक सगळ्यात सोपी, कारण आपल्याला निपाणी-बेळगाव परकं वाटतच नाही. सासुरवाडीला निघालेला माणूस विनापरवाना शस्त्राच्या केसमधे बसायचा. आंबोलीवरून गोव्याला जाणाऱ्यांनाही तेच.
उजळाईवाडीवरून विमानाने जाणार असाल तर आधी एअरलाइनला कळवून, रिकामं करून, चेक-इनमधे जाहीर करून द्यायचं. केबिनमधे प्रश्नच नाही. खरं तर घरी ठेवून जा.

सूनबाई_राजारामपुरी
आणि अंबाबाईला जाताना? हे मिस्टर एकदा दुकानातून थेट आले होते, महाद्वारात आठवलं. मी आत दर्शन घेऊन आले, हे बाहेर पेढे खात उभे

फौजदार_रिटायर
वहिनी, त्यांनी बरोबर केलं. मेटल डिटेक्टरपाशी पोलिसाला 'माझ्याकडे आहे, सांभाळता का' असं विचारणारे महाभाग मी बघितलेत. त्याने का सांभाळावं? देवळात जायचा दिवस असेल, दवाखाना, कोर्ट, शाळेचं गॅदरिंग, स्टेडियमवर मॅच असेल, त्या दिवशी शस्त्र लॉकरमधेच. दिवस बघून बाहेर काढायचं, रोज घड्याळासारखं घालायचं नाही. आणि रात्री बसायचं असेल (कोल्हापुरात कोण बसत नाही) तर ग्लास आणि रिव्हॉल्व्हर एका माणसाकडे एका वेळी नाही. ह्यावर मी वाद घालणार नाही.

बारीक_शंका
साहेब एक नाजूक प्रश्न. बाहेर असताना संडासला जायची वेळ आली तर? हसू नका, इंटरनेटवर कुणी लिहीत नाही

फौजदार_रिटायर
हसत नाही. भारतीय बैठक असेल तर पट्टा सैल केल्याबरोबर होल्स्टर खाली जातं. होल्स्टरसकट पट्ट्यातून काढून हातात किंवा दरवाजाच्या आतल्या बाजूला सॅकमधे, सॅक गळ्यात. टाकीवर, खिडकीत, नळावर कधीही ठेवायचं नाही. जगभर शस्त्रं विसरली जातात ती तिथेच.

पुणेकर_कोथरूड
ह्या धाग्याची पातळी उंचावली

उद्यमनगर_लेथवाला
पंगतीत मांडी घालून बसायचं पण बघा. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर जाड असतो, उजव्या बाजूला थोडं मागे लावलं तर मांडी घालता येते, पोटावर लावलं तर पहिल्या घासालाच पांढरा रस्सा वर येतो. आणि मित्रांची मिठी! आपल्याकडे नुसता नमस्कार कुणी करत नाही, कमरेला विळखाच घालतात. मी आता डावा खांदा पुढे करतो, लोकांना वाटतं कंबर धरलीय. धरू दे.
वजनाचंही लिहायला पाहिजे. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ ला निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलो, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली पण मला तर पुरुषांनीच घ्यावं वाटतं, दिवसभर कमरेला पाव-पाव किलोचा फरक कळतो.

हुपरीचा_चांदीवाला
मी लायसन परत केलं. होय, परत. आमच्याकडे चांदी घेऊन फिरायचं म्हणजे रोजची जोखीम, वडिलांनी घेतलं होतं, मी पुढे चालवलं. निवडणूक लागली की जमा करा, पोलीस स्टेशनची पावती सांभाळा, निकाल लागला की परत आणा, मुदत संपायच्या आत नूतनीकरण, आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी आहे, आधी तीन होतं. हे सगळं केलं असतं. पण मला कळलं की ते जवळ असलं की मी रस्ता बदलत नाही. आधी शंका आली तर पेठेत वळायचो, ओळखीच्या दुकानात शिरायचो. ते असलं की सरळ जायचो. आता माल विमा काढून पाठवतो आणि रोख जवळजवळ बंद केली.

तांबडा_पांढरा
@हुपरीचा_चांदीवाला हे वाचून मात्र गप्प बसलो

गुळाची_ढेप
@हुपरीचा_चांदीवाला रोख कमी करायचं आमचंही चालू आहे, पण गुऱ्हाळवाल्याला मजुरांचा पगार रोखच द्यावा लागतो, सोमवारी आरटीजीएस करतो म्हटलं तर तो दुसऱ्या अडत्याकडे जातो. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तेव्हा काय करायचं? सगळ्यांनाच करावं लागतं?

वकील_कसबा_बावडा
सरसकट नाही. जिल्ह्यात स्क्रीनिंग समिती असते, ती परवानाधारकांचा आढावा घेऊन ठरवते. बँकेचे गार्ड, नेमबाजीचे खेळाडू ह्यांना सूट मिळते. तुम्ही तुमची पाठलागाची तक्रार जोडून आधीच अर्ज द्या. नाही मिळाली सूट तर जमा करा, पावतीवर नंबर तपासून घ्या, वाद घालू नका.
आणि हो, लग्नाचा विषय राहिला. मुलाच्या वरातीत कुणी 'शेठ एक बार होऊ दे' म्हणालं तर ते २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फटाके आणा.

मॉडरेटर_पंचगंगा
धागा छान चाललाय. एकच सूचना, व्यक्तिगत निरोपातून 'तुमचं कुठून घेतलं, मला मिळवून द्या' अशी विचारणा झाल्याची तक्रार आलीय. खरेदी-विक्रीची चौकशी इथे चालणार नाही, परवाना असेल तर अधिकृत दुकानात जा, नसेल तर जाऊच नका. शस्त्रासोबतचे फोटोही टाकू नयेत.

फौजदार_रिटायर
मॉडरेटरना दुजोरा. डीपीला पिस्तूल ठेवणाऱ्यांना नोटीस आलेली मी स्वतः बजावलीय.

गुळाची_ढेप
सगळ्यांचे आभार. क्षेत्र बघितलं, महाराष्ट्रच आहे, म्हणजे निपाणी बाद. शिंप्याकडे एक माप मोठे शर्ट टाकलेत, तो म्हणतोय शेठ वहिनींचा हात चांगलाच चालतोय. डिकी बंद. रोज नाही, फक्त रोख असेल त्या दिवशी न्यायचं असं बायकोशी ठरलं. आणि रविवारी रेंजला चौकशी करून येतो.

नेमबाज_दुधाळी
या. येताना कानाला लावायचे मफ घेऊन या, पहिल्या दिवशी सगळे विसरतात.

आजरेकर_घनसाळ
समदं वाचलं. आता फौजदार सायेब एवढं सांगा, बारा बोअरला पॅन्टीच्या आत बसणारं होल्स्टर मिळतंय का?

पेठेतला_पैलवान
मिळतंय की, फक्त काका जेवताना मांडी घालता येणार नाही

आजरेकर_घनसाळ
मग ऱ्हाऊ दे. आमी टेबलावर जेवत नाय